रॉकबॉक्स घातलेला प्लेअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न, मुक्काम सोलापूर

खिशातला सॅन्सा क्लिप झिप हा गाण्यांचा छोटा प्लेअर बाहेर काढला की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला : "का बे, पेजर वापरतोस का अजून?" दुसरा : "फोन असताना हे कशाला?" मग हातात घेऊन दोन-चार बटणं दाबून झाली की खरे प्रश्न सुरू होतात. भजनी मंडळातले, कारखान्यातले, नात्यातले अशा बऱ्याच जणांचे प्लेअर मी मांडीवर लॅपटॉप घेऊन तयार करून दिलेत. तीच तीच उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

रॉकबॉक्स म्हणजे नेमकं काय?

प्लेअर चालवणारी प्रणाली. कंपनीने आत भरून दिलेली असते तिच्या जागी, किंवा तिच्या शेजारी, ही बसवायची. २००१ च्या अखेरीस स्वीडनमधल्या ब्यॉर्न स्टेनबर्ग, लायनस नील्सन फेल्ट्सिंग आणि डॅनिएल स्टेनबर्ग यांनी याची सुरुवात केली. आर्कोस या फ्रेंच कंपनीच्या प्लेअरमधली मूळ प्रणाली त्यांना पटत नव्हती, म्हणून त्यांनी आपली लिहायला घेतली. यातले डॅनिएल म्हणजे कर्ल लिहिणारे. इंटरनेटवर फाइली आणणारं ते छोटं साधन जगभरच्या असंख्य यंत्रांत चालतं. रॉकबॉक्सचा सगळा कोड जीपीएल परवान्याखाली खुला आहे. आत लिनक्स वगैरे नाही, स्वतःचं छोटंसं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आहे, म्हणून जुन्या, अशक्त चिपवरही ते पळतं.

३.० ही आवृत्ती सप्टेंबर २००८ मध्ये आली, ४.० एप्रिल २०२५ मध्ये. क्लिप झिप बाजारात आला २०११ साली. कंपनीने त्याच्याकडे बघणं कधीच सोडलंय, तरी नवी आवृत्ती त्यावर आजही बसते.

फोन असताना कशाला?

फोनवर गाणं लावलं की मध्ये बँकेचा फोन येतो. याहून जास्त मला काही म्हणायचं नाही. ज्यांना चालतं त्यांनी फोनच वापरावा.

एक मात्र आहे. यात मी कॉम्प्युटरवर जशी फोल्डरं केली तशीच ती दिसतात. 'आजोबा', 'मंडळ', 'प्रवास'. त्यातलं गाणं कोणी परवाना संपला म्हणून उचलून नेत नाही आणि वर कोणी मला काय ऐकावं ते सुचवत नाही.

कोणता प्लेअर घेऊ?

सॅन्सा क्लिप प्लस, क्लिप झिप, फ्यूझ. आयपॉडमध्ये मिनी, नॅनोची पहिली आणि दुसरी पिढी, व्हिडिओ म्हणजे पाचवी पिढी, आणि क्लासिक. आयपॉड टच आणि शफलचा नाद सोडा. अ‍ॅपलने मे २०२२ मध्ये आयपॉडचं दुकानच बंद केलं, त्यामुळे जे मिळेल ते जुनंच.

नवं हवं असेल तर शॅनलिंग क्यू१, फिओ एम३के, हायफायवॉकर एच२ अशा यंत्रांवर रॉकबॉक्स चालतं. पण एकाच नावाखाली आतलं हार्डवेअर बदललेलं असतं. डब्यावरचं नाव बघून पैसे देऊ नका. नेमकी कोणती आवृत्ती आहे ते विचारा आणि रॉकबॉक्सच्या यादीत ती आहे का ते आधी पाहा.

जुना घेताना हातात घेऊनच घ्या. मी एकदा ऑनलाइन मागवला. फोटोत स्क्रीन चालू, वर्णनात 'कंडिशन एकदम ए वन'. घरी आल्यावर कळलं की आवाज वाढवायचं बटण दाबल्यावर आत जातं ते बाहेर येतच नाही. विकणाऱ्याचं म्हणणं पडलं की फोटोत बटण दाबून दाखवलं नव्हतं, म्हणजे फसवणूक नाही. युक्तिवाद बिनतोड होता.

आयपॉड व्हिडिओ घेणार असाल तर ३० जीबीच्या मॉडेलमध्ये रॅम ३२ एमबी आणि ६० किंवा ८० जीबीच्या मॉडेलमध्ये ६४ एमबी असते, हे लक्षात ठेवा. रॅम जास्त तितकी गाणी एका दमात आत येतात, तितकी हार्डडिस्क कमी फिरते आणि बॅटरी जास्त पुरते. जुनी हार्डडिस्क टकटक करायला लागली असेल तर तिच्या जागी मेमरी कार्डाचा अ‍ॅडॉप्टर बसवता येतो. अक्कलकोटपर्यंत एसटीच्या मागच्या सीटवर बसून गेलात तर हार्डडिस्कपेक्षा कार्ड का बरं, हे सांगावं लागणार नाही.

बसवायचं कसं?

रॉकबॉक्स युटिलिटी नावाचा प्रोग्राम आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. प्लेअर जोडला की तो ओळखतो आणि बूटलोडर (चालू होताना प्रणाली उघडणारा छोटा प्रोग्राम), प्रणाली, फॉन्ट, थीम सगळं बसवतो. अडायच्या जागा तीनच.

क्लिप झिप आणि क्लिप प्लसमध्ये जोडण्याआधी यूएसबी मोड एमएससी करा. एमटीपीवर असेल तर कॉम्प्युटरला तो पेन ड्राइव्हसारखा दिसत नाही आणि युटिलिटीला काही सापडत नाही. दुसरं, या सॅन्सांसाठी कंपनीची मूळ फर्मवेअर फाइल, म्हणजे तिची आतली प्रणाली, लागते. ती आधीच उतरवून ठेवा. काम झाल्यावर प्लेअर रीतसर इजेक्ट करून केबल काढली की तो स्वतःच अपडेट करून घेतो. त्या मिनिटाभरात बॅटरी संपता कामा नये, म्हणून आधी पूर्ण चार्ज करा. तिसरं, मॅकवर फॉरमॅट केलेला आयपॉड चालत नाही. विंडोजवर आयट्यून्समधून रिस्टोअर करून तो फॅट३२ करून घ्यावा लागतो, आणि त्यात जुनी गाणी जातात. आधी कॉपी.

जुनी प्रणाली कायमची जाते का?

नाही. सॅन्सा क्लिप चालू करताना डावं बटण दाबून धरा, जुनीच उघडेल. आयपॉडवर चालू होताहोता होल्डचं बटण सरकवायचं.

फक्त एक. जुन्या प्रणालीत जाताना मेमरी कार्ड काढून ठेवा. नाहीतर ती आत शिरल्याशिरल्या कार्डावरची सगळी गाणी मोजायला बसते आणि तोवर तुमचा चहा गार होतो.

केवढं कार्ड चालतं?

क्लिप झिपच्या डब्यावर ३२ जीबी लिहिलं होतं. माझ्याकडे ६४ चं वर्षानुवर्षं चालतंय. अट एकच : कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलं हवं. ३२ जीबीच्या वरची कार्डं दुकानातून एक्सफॅटमध्ये येतात आणि रॉकबॉक्सला एक्सफॅट वाचता येत नाही. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत एवढ्या कार्डाला फॅट३२ हा पर्याय सहसा नसतो, त्यासाठी छोटे फुकट प्रोग्राम मिळतात. 'कार्ड खराब निघालं' म्हणून नवी पेठेत दुकानदाराशी भांडून आलेले दोघं मला माहीत आहेत. कार्ड ठणठणीत होतं.

गाण्यांची नावं देवनागरीत दिसतात का?

दिसतात, पण बघवत नाहीत.

अक्षरं आहेत. युनिफॉन्टसारखा फॉन्ट निवडलात तर चौकोनांऐवजी देवनागरी येते. पण रॉकबॉक्स एकेक खूण ओळीने मांडतं; जोडाक्षर जुळवणं, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी नेऊन ठेवणं हे त्याला जमत नाही. त्यामुळे 'विठ्ठल'मधली वेलांटी व सोडून पुढच्या घरात जाते, दोन ठ शेजारी उभे राहतात आणि पहिल्याचा पाय मोडलेला दिसतो. 'श्री' तर ओळखूच येत नाही. माझी पुतणी ते वाचून म्हणाली, "काका, हे पहिलीतल्या पोराने लिहिलंय का?"

म्हणून मी फाइलींची आणि फोल्डरांची नावं रोमन लिपीत ठेवतो, पुढे ०१, ०२ असे आकडे लावून. गाण्याच्या आतल्या टॅगमध्ये मात्र देवनागरीच ठेवतो. ती कॉम्प्युटरवर नीट दिसते आणि उद्या कोणी हे काम केलंच तर इथेही दिसेल.

आजोबांच्या कॅसेट यावर आणता येतील का?

हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो. घरोघरी माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात कॅसेट पडून आहेत : कोणाच्या मंडळाचं भजन, कोणाच्या लग्नातली सनई, कोणाच्या वडिलांनी एकादशीला केलेलं कीर्तन. ते दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.

डेकच्या लाइन-आउटमधून वायर लॅपटॉपमध्ये आणायची. लॅपटॉपचं माइकचं भोक बहुधा मोनो असतं, त्यात घालू नका. लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये रेकॉर्ड करून फ्लॅकमध्ये ठेवायचं, म्हणजे आवाज जराही न गमावता फाइल लहान होते. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू कच्च्या स्वरूपात सुमारे ३०० एमबी होते, फ्लॅकमध्ये त्याहून बरीच कमी.

आता बाजूचे तुकडे करायचे की नाही? मी करत नाही. भजनात दोन अभंगांमध्ये कोणी खोकतो, कोणी टाळ सरळ करतो, पेटीवाला सूर धरून ठेवतो. कापलं की ते जातं. पूर्ण बाजू एक फाइल ठेवायची आणि शेजारी त्याच नावाची क्यूशीट. ती साधी मजकूर-फाइल असते. प्रत्येक अभंग कुठे सुरू होतो ते मिनिट, सेकंद आणि फ्रेममध्ये लिहायचं, एका सेकंदात ७५ फ्रेम. रॉकबॉक्सच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये क्यूशीट चालू केली की 'पुढे' दाबल्यावर पुढचा अभंग, आणि काही न दाबता ऐकलं तर खोकल्यासकट सलग बैठक.

कॅसेटचा एक कान गेलेला असतो, उजव्या बाजूने फक्त खरखर येते, असं फार होतं. साउंड सेटिंगमध्ये चॅनेल 'मोनो लेफ्ट' करा. डावीकडचं चांगलं ते दोन्ही कानांत येतं आणि मूळ फाइलला हात लागत नाही.

कॅसेटचे आवाज वरखाली असतील तर रिप्लेगेन वापरा. कॉम्प्युटरवर फूबारसारख्या प्रोग्रामने फाइलींना मोजून टॅग लावायचा, मग प्लेअर आपणच आवाज सारखा करून घेतो. पुन्हा तेच, आतला आवाज बदलत नाही, फक्त वाजवताना जुळवला जातो.

पेटीवर सराव करायचाय, पट्टी बदलता येते का?

येते, आणि यासाठी भजनी मंडळवाले माझ्याकडे येतात. रेकॉर्डिंग काळी दोनमध्ये आहे आणि तुमचा गायक काळी एकच्या वर जात नाही, तर पिच स्क्रीनवर जाऊन दोन अर्धस्वर खाली आणा. टाइमस्ट्रेच चालू असेल तर लय तीच राहते. नसेल तर पट्टीबरोबर चालही मंदावते. उलटही करता येतं : पट्टी तीच ठेवून लय उतरवायची, म्हणजे अवघड तान कुठून कुठे गेली ते कळतं. आणि ए-बी रिपीट. तानेच्या सुरुवातीला एक खूण, शेवटी एक, मग तेवढाच तुकडा फिरत राहतो. आमच्या पेटीवाल्यांनी एक तान तीन दिवस फिरवली. चौथ्या दिवशी वहिनींनी इअरफोन आणून दिले.

जुन्या डेकवर भरलेली कॅसेट थोडी चढी वाजत असेल तर टक्क्याच्या दहाव्या हिश्शाने पिच हलवता येतं. पेटीचा षड्ज दाबून धरा आणि जुळेपर्यंत सरकवा.

दोन तासांचं कीर्तन अर्ध्यात सोडलं, परत तिथूनच लागेल?

बुकमार्किंगमध्ये 'थांबवल्यावर बुकमार्क' हे चालू ठेवा. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना कुर्डुवाडीला थांबवलं तर परतीला तिथूनच सुरू. मध्ये दुसरं काही ऐकलं तरी खूण हलत नाही.

दिसत नसलेल्या माणसाला वापरता येईल का?

येईल. मेनू बोलतो, आणि हे नुसतं सांगण्यापुरतं नाही, रॉकबॉक्स करणाऱ्यांनी त्यावर खूप वर्षं मेहनत घेतली आहे. प्रत्येक पर्यायावर गेलं की त्याचं नाव कानात येतं.

आमच्या गल्लीत एक अण्णा आहेत, घरात तेलुगू, बाहेर मराठी. पूर्वी चादरीच्या मागावर होते, आता नजर गेली. मेनूचा आवाज इंग्रजी. त्यांना इंग्रजी येत नाही, पण चार दिवसांत कुठला शब्द म्हणजे कुठलं दार ते त्यांनी पाठ केलं. फोल्डरांची नावं मात्र मराठीतून बोलतात. रॉकबॉक्स युटिलिटीत 'टॉक' फाइली बनवायची सोय आहे. तिथे ईस्पीक हा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम निवडून मराठीचा आवाज द्यायचा, आणि प्लेअरच्या व्हॉइस सेटिंगमध्ये त्या फाइली वापरायला सांगायचं. रोमनमधली नावं तो मराठी आवाज धड वाचत नाही, म्हणून अण्णांच्या कार्डावर सगळी नावं देवनागरीत आहेत. स्क्रीनवर वेलांट्या कुठेही पडोत, त्यांना काय! आवाज जरा यंत्राचाच आहे. पहिल्यांदा ऐकून ते म्हणाले, "बाहेरगावचा दिसतो. पण चुकत नाही."

कोणत्या फाइली वाजतात?

एमपी३, ऑग, ओपस, फ्लॅक, एएसी, एएलएसी, वेवपॅक, डब्ल्यूएमए आणि ज्यांची नावं आपण विसरलो अशा आणखी बऱ्याच. कुलूप लावलेल्या म्हणजे डीआरएमच्या फाइली वाजत नाहीत. एपीई प्रकारची फाइल फार जास्त दाबून बनवलेली असेल तर छोट्या प्लेअरचा दम तुटतो. जागा कमी असेल तर ओपस, जपून ठेवायचं असेल तर फ्लॅक.

रेडिओ लागतो का? ब्लूटूथ?

क्लिपवर एफएम लागतो. प्रदेश 'युरोप' निवडा, इअरफोन लावलेला हवा कारण वायर हीच अँटेना. ब्लूटूथ आणि इंटरनेट नाही. फारच वाटलं तर ३.५ मिमीच्या जॅकमध्ये बसणारा ब्लूटूथ ट्रान्समीटर लावा, पण मग फोन काय वाईट होता?

हेडफोनवर जुनी गाणी विचित्र का लागतात?

साठ-सत्तरच्या दशकातल्या काही स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत आवाज एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात असतात. स्पीकरवर ते खोलीत मिसळतं, हेडफोनवर डोकं दुखतं. क्रॉसफीड चालू करा. डावीकडचं थोडं उजवीकडे येतं आणि गायक डोक्याच्या मधोमध येऊन उभा राहतो.

कारखान्यात वापरू का?

माग चालू असताना कानात काही घालू नका. यंत्राचा आवाज बदलला तर कानालाच आधी कळतं, आणि त्या खडखडाटाच्या वर गाणं न्यायला गेलात तर कानाचं नुकसान. जेवणाच्या सुट्टीत खुशाल ऐका. घरातल्या पोरांच्या हातात देताना कमाल आवाजाची मर्यादा सेटिंगमध्ये घालून ठेवा.

कारखान्यातून आलेल्या प्लेअरचा रोग ठरलेला : 'एका कानात येतंय'. भावाच्या टॉवेलच्या कारखान्यातल्या एका पोराने असाच आणला. इअरफोन बदलले, सेटिंग पुसली, रॉकबॉक्स पुन्हा बसवलं. शेवटी टॉर्च लावून जॅकच्या भोकात पाहिलं तर तळाशी पांढरा लगदा. टॉवेलची तूस. पिन टोकापर्यंत जातच नव्हती, तो 'टक' आवाजच येत नव्हता. प्लेअर बंद करून लाकडी दातकोरणीने हळूहळू काढली, वाटाण्याएवढी गोळी निघाली. सुई किंवा टाचणी घालू नका, आतली पत्री वाकते. आता कोणी 'एका कानात' म्हटलं की मी आधी टॉर्च आणि दातकोरणीच घेतो.

उन्हाळ्यात काय काळजी घ्यायची?

स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो, डिकीत त्याहून वर. मी एक आयपॉड सात रस्ता चौकात गाडी लावून दुपारभर विसरलो. संध्याकाळी मागची चकचकीत पाठ पोट आल्यासारखी फुगली होती. लिथियमची बॅटरी फुगली की ती दाबून बसवायची नसते, चार्जिंगला लावायची नसते. बदलायची, आणि जुनी कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्यायची.

हँग झाला तर?

क्लिपवर पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. आयपॉडवर मेनू आणि मधलं बटण एकत्र. परत परत होत असेल तर कार्डावर एखादी अर्धवट कॉपी झालेली फाइल असते. बहुतेक वेळा इजेक्ट न करता केबल ओढल्याचा तो प्रसाद असतो.

मला करून द्याल का?

रविवारी सकाळी या. गाणी तुमची तुम्ही आणा, कॅसेट असेल तर आधी एकदा दोन्ही बाजूंनी पुढे-मागे फिरवून आणा. क्लिप झिपला मायक्रो यूएसबी लागते, ती आहे. क्लिप प्लसला मिनी यूएसबी लागते. ती केबल माझ्याकडे एकच होती आणि गड्ड्याच्या जत्रेपासून ती मेव्हण्याकडे आहे, तेव्हा स्वतःची घेऊन या.